गिधाडाची किंमत



मागच्या खेपेस आपण कडब्याच्या गंजीविषयी बोललो. या खेपेस हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेवर लिहायचे ठरवले होते. त्याच कामासाठी एका गावी गेलो, पण परत येताना डोक्यात हरभरा राहिला नाही, गिधाड राहिले. म्हणून आज गिधाडाविषयी लिहितो. शेतकऱ्याच्या पानात हा पक्षी कशाला, असे कोणी म्हणेल. शेवटपर्यंत वाचा आणि मग ठरवा.

त्याचे असे झाले. प्रात्यक्षिक दुपारी होते. मी सकाळीच पोहोचलो आणि ओढ्याच्या कडेने शेताकडे निघालो. थोडे पुढे गेलो तो नाकाला रुमाल लावावा लागला. ओढ्याच्या काठी एक मेलेली गाय पडली होती आणि तिच्यावर बारा-पंधरा कुत्री तुटून पडली होती. शेळ्या वळणाऱ्या एक आजीबाई दुरूनच ओरडल्या, "साहेब, तिकडून जाऊ नका. वरच्या वाटेनं या."

मी वर गेलो. म्हटले, "आजी, कुत्री फार माजलीत की हो."

"माजतील नाही तर काय? आयतं खायला मिळतंय. परवा माझं करडू फाडलं. दिवाळीआधी नातवाला चावली. तालुक्याला चार खेपा झाल्या सुईसाठी."

मी सहज हिशेब विचारला. आजी शिकलेल्या नाहीत, पण हिशेबाला पक्क्या. करडू गेले त्याचे तीन हजार. सुई सरकारी दवाखान्यात फुकट मिळाली, पण चार वेळा एसटीचे भाडे, बाईमाणसाला अर्धे तिकीट असले तरी ते आलेच. मुलाच्या आईचे चार दिवसांचे खुरपणीचे पैसे बुडाले, ते वेगळे. साडेचार हजारांच्या वर गेला आकडा.

"आमच्या वेळी असं नव्हतं," आजी म्हणाल्या. "जनावर मेलं की माळावर ओढून टाकायचं. दुसऱ्या दिवशी गिधाडं उतरायची. संध्याकाळपर्यंत नुसती हाडं. वास नाही, माशी नाही, कुत्रं नाही. आता ती कुठं गेली देव जाणे."

आजींचा प्रश्न साधा वाटला तरी त्याचे उत्तर शोधण्यात मोठमोठ्या शास्त्रज्ञांची काही वर्षे गेली. ते उत्तर आता मिळाले आहे. त्याचा थेट संबंध आपल्या गोठ्याशी आहे, म्हणून ते आधी सांगतो.

गिधाडे गेली कुठे?

माझ्या लहानपणी आकाशात घिरट्या घालणारी गिधाडे ही काही नवलाई नव्हती. नवलाई वाटावी अशी गोष्ट 1990 च्या दशकात घडली. राजस्थानात भरतपूर येथे केवलादेव हे प्रसिद्ध पक्षी अभयारण्य आहे. तेथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ विभू प्रकाश यांच्या ध्यानात आले की घरटी ओस पडत आहेत आणि गिधाडे माना टाकून झाडावर बसल्या जागी मरत आहेत. पुढे देशभर मोजणी झाली. 1992 साली जेथे पांढऱ्या पाठीची हजार गिधाडे दिसत, तेथे 2007 साली एक दिसू लागले. लांब चोचीच्या गिधाडांची संख्याही शंभरातून तीनवर आली. एवढ्या थोड्या काळात एखादा पक्षी इतका घटल्याची उदाहरणे जगात फार थोडी आहेत.

कारण कोणाला कळेना. कोणी म्हणाले साथ आली, कोणी म्हणाले कीटकनाशके. 2004 साली लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात मेलेली गिधाडे तपासून कोडे सोडवले. मारेकरी निघाले डायक्लोफिनॅक. हे दुखणे आणि सूज कमी करणारे औषध. माणसे घेतात तेच. 1990 च्या दशकात ते स्वस्त झाले आणि लंगड्या बैलाला, कास सुजलेल्या गाईला, ताप आलेल्या म्हशीला सर्रास दिले जाऊ लागले. औषध दिल्यावर जनावर थोड्याच दिवसांत दगावले, तर औषधाचा अंश मांसात राहतो. ते मांस गिधाडाच्या पोटात गेले की त्याची मूत्रपिंडे निकामी होतात, रक्तातले युरिक ॲसिड वाढते, काळजा-यकृतावर पांढरी पूड साचते आणि पक्षी दोन-तीन दिवसांत मरतो.

तुम्ही म्हणाल, सगळ्याच जनावरांना थोडेच इंजेक्शन देत होते? बरोबर आहे. पण शास्त्रज्ञांनी गणित मांडले तेव्हा दिसले की शंभर मेलेल्या जनावरांत एकाच्याही मांसात हे औषध असले, तरी गिधाडे नाहीशी व्हायला तेवढे पुरे होते. कारण एका जनावरावर एकाच वेळी पन्नास-साठ गिधाडे जेवतात. शिवाय गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू मोठे होऊन स्वतः अंडी घालू लागायला पाचएक वर्षे जातात. कोंबडीसारखी ही भर पटकन निघत नाही.

गिधाड काय काम करत होते?

2019 च्या पशुगणनेनुसार आपल्या देशात गाई-म्हशींच्या वर्गातील जनावरे 30 कोटींच्या वर आहेत. यांतली जी मरतात, त्यांची विल्हेवाट कोण लावणार? पूर्वी मोठा थवा उतरला की एक जनावर तासाभरात साफ होई. गिधाडाच्या जठरातले आम्ल इतके जहाल असते की सडक्या मांसातले बहुतेक रोगजंतू त्यात मरून जातात. या कामाची मजुरी त्याने कधी मागितली नाही. आज तेच काम आपण जेसीबी लावून करतो, तेव्हा तासाला काय मोजावे लागते ते तुम्हाला ठाऊक आहे. आणि जेसीबीही लावला नाही, तर मेलेले जनावर ओढ्याच्या काठी पडते, पाणी नासते, कुत्री वाढतात.

या गोष्टीचा हिशेब दोन वेळा नीट मांडला गेला आहे. 2008 साली अनिल मार्कंडेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिधाडे घटल्यामुळे वाढलेली कुत्री, कुत्र्यांचे चावे आणि पिसाळण्याचा रोग यांचा खर्च काढला. 1990 च्या दशकापासून 2006 पर्यंतचा तो आकडा सुमारे 34 अब्ज डॉलर भरला.

दुसरा हिशेब 2024 साली प्रसिद्ध झाला. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी भारतातले जिल्हे दोन गटांत वाटले. ज्या जिल्ह्यांत पूर्वी गिधाडांना पोषक स्थिती होती ते एका बाजूला, आणि जेथे गिधाडे मुळातच कमी होती ते दुसऱ्या बाजूला. मग औषध स्वस्त होण्याआधीचे आणि नंतरचे माणसांच्या मृत्यूचे प्रमाण पडताळले. गिधाडांच्या जिल्ह्यांत ते चार टक्क्यांहून अधिक वाढलेले दिसले. 2000 ते 2005 या काळात दरवर्षी सुमारे एक लाख माणसे जास्तीची गेली, असा त्यांचा अंदाज आहे. अर्थशास्त्राच्या पद्धतीने या जीवितहानीची किंमत केली, तर वर्षाला 69.4 अब्ज डॉलर होते. आपल्या रुपयांत पाच लाख कोटींच्या वर.

एवढा आकडा डोळ्यापुढे आणणे मलाही जमत नाही. मी आजींचे साडेचार हजार डोळ्यापुढे ठेवतो आणि अशी घरे देशात किती असतील याचा विचार करतो.

पारावरचा प्रश्न

संध्याकाळी प्रात्यक्षिक आटोपल्यावर मंडळी पारावर बसली होती. वीस-बावीस पुरुष, सात-आठ बायका. सकाळची गोष्ट मनात होती, म्हणून मी विचारले, "समजा, गिधाडे गावात परत यावीत यासाठी दर घराने वर्षाला काही रक्कम द्यायची ठरली. तुम्ही किती द्याल? खरे सांगा, कोणी पावती फाडणार नाही."

मंडळी हसली. एकजण म्हणाला, "साहेब, गिधाड घरावर बसलं तर शांत करावी लागते. त्याला बोलवायला पैसे कोण देईल?" दुसरा म्हणाला, "दहा रुपये घ्या, पण त्याला माझ्या आंब्यावर बसवू नका." कोणी वीस म्हणाले. बहुतेकांनी मान हलवली.

मग मी तोच प्रश्न मोराविषयी विचारला. मोर गावातून जाणार असेल, तर तो राहावा म्हणून किती? लगेच पन्नास, शंभर असे आकडे येऊ लागले. आता गंमत पहा. हाच मोर यांचा पेरलेला भुईमूग उकरतो आणि त्याच्या नावाने ही मंडळी दरसाल बोटे मोडतात. ज्याने गावाची घाण फुकट उपसली त्याला दहा रुपये, आणि जो बी उकरतो त्याला शंभर. रूपाला किंमत, कामाला नाही!

तेवढ्यात एका तरुणाने मला पेचात धरले. "साहेब, तुम्ही किती द्याल ते सांगा की."

मला लगेच उत्तर देता आले नाही. मला 1998 सालचा आमचा खिलारी बैल आठवला. पावसाळ्यात तो विहिरीच्या काठावरून घसरला आणि कमरेत बसला. उठता येईना. मी तेव्हा नोकरीत नवा होतो, बी. एस्सी. ॲग्री झालेला, घरातला शहाणा माणूस. बैलाचे हाल पाहवेनात, म्हणून दुखणे कमी करणाऱ्या इंजेक्शनच्या बाटल्या मीच तालुक्याहून मोटारसायकलवर आणल्या. ते डायक्लोफिनॅकच होते. चार दिवस सुया दिल्या. पाचव्या दिवशी बैल गेला. रिवाजाप्रमाणे माळावर ओढून टाकला. सकाळी गिधाडे उतरली. वडील धुऱ्यावर उभे होते, त्यांनी मोजली. अकरा होती.

पुढच्या उन्हाळ्यात वडील एकदा सहज म्हणाले, "यंदा गिधाडं दिसली नाहीत." मी ऐकले आणि विसरलो. 2004 नंतर कारण वाचनात आले, तेव्हा ते वाक्य आठवले. ती अकरा गिधाडे आमच्याच बैलाने मारली असे मी म्हणत नाही, ते सांगता येणार नाही. त्या वेळी औषध बंद नव्हते आणि त्याचा हा गुण कोणाला माहीतही नव्हता. तरी बाटली मी आणली होती, हे खरे.

पारावर मी ही हकीकत सांगितली. थोडा वेळ कोणी बोलले नाही.

लोक किंमत करतात ती कशी?

माणसांना प्रश्न विचारून प्राण्याची किंमत काढायची ही रीत माझी नव्हे. अर्थशास्त्रज्ञ ती पुष्कळ वर्षे वापरतात. बाजारात दर नसलेल्या वस्तूचे मोल काढायला दुसरा मार्ग सहसा नसतो.

या रीतीचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. 1989 च्या मार्चमध्ये एक्सॉन व्हाल्डेझ नावाचे तेलाचे जहाज अलास्काच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळले. सुमारे चार कोटी लिटर कच्चे तेल समुद्रात सांडले आणि पक्षी, पाणमांजरे, सील फार मोठ्या संख्येने मेले. नुकसान ठरवताना प्रश्न आला की ज्यांचा मासेमारीचा धंदा बुडाला त्यांचे तर झालेच, पण पक्ष्यांचे काय? ते कोणाच्या मालकीचे नव्हते. मग देशभरच्या घरांना विचारण्यात आले की असा अपघात पुन्हा होऊ नये म्हणून तुम्ही एकदाच किती कर द्याल? यांतली बहुतेक माणसे जन्मात अलास्काला गेली नव्हती. तरी मधला आकडा घरटी सुमारे 31 डॉलर निघाला आणि साऱ्या देशाचा मिळून 2.8 अब्ज डॉलर. म्हणजे जो पक्षी कधी पाहणार नाही, तो असावा एवढ्यासाठीही माणूस पैसे द्यायला तयार असतो. आपण पंढरीला गेलो नाही, तरी चंद्रभागा वाहती असावी असे वाटते ना, तसेच हे.

पण या रीतीची एक खोडही आहे. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत लोकांना विचारले होते की तेलाच्या डबक्यात बुडून मरणारे पक्षी वाचवायला किती द्याल? एका गटाला सांगितले 2,000 पक्षी, दुसऱ्याला 20,000, तिसऱ्याला 2,00,000. सरासरी उत्तरे आली 80 डॉलर, 78 डॉलर आणि 88 डॉलर. पक्षी शंभरपट झाले, पण माणसाची पिशवी तेवढीच उघडली. म्हणजे उत्तर देणारा पक्षी मोजत नव्हता, आपल्या मनातला कळवळा मोजत होता.

आमच्या पारावरही तेच झाले. मोराचा कळवळा मोठा, गिधाडाचा लहान. ही पाहणी 1990 साली देशभर केली असती, तर गिधाडाच्या नावावर फार काही जमा झाले नसते असे मला वाटते. आणि पुढच्या पंधरा वर्षांत त्याच गिधाडाच्या अभावी देशाने काय मोजले, ते वर सांगितलेच. लोकांनी केलेली किंमत खोटी नसते, पण ती अपुरी असते. ती रूपाकडे पाहते आणि काम बंद पडल्यावर जागी होते. काम रोज पाहणारा माणूस म्हणजे शेतकरी. म्हणून गिधाडाचे खरे मोल सांगायला शहरातल्या शहाण्यापेक्षा त्या शेळ्या वळणाऱ्या आजी अधिक लायक आहेत.

पण पैसे कोणी द्यायचे?

पारावर एक गृहस्थ बराच वेळ गप्प होते. शेवटी ते म्हणाले, "साहेब, गिधाडाचं ठीक आहे. पण रानडुकरांनी माझा पाऊण एकर भुईमूग उकरला. शहरातली माणसं म्हणतात जंगल वाचवा, प्राणी वाचवा. त्यांना वाचवायची हौस, आणि चारा माझ्या शेतात?"

या बोलण्याला मी वादाने उत्तर दिले नाही, कारण त्यात चूक काही नाही. जनावर रानात असावे असे साऱ्या समाजाला वाटते, त्याचे मोल समाज करतो, आणि त्याचा खर्च मात्र रानालगतच्या दहा-वीस घरांवर पडतो. हा हिशेब सरळ नाही. ज्याला वस्तू हवी, त्याने तिच्या खर्चात वाटा उचलावा, हा आपल्या बाजाराचा साधा नियम आहे. वन्यप्राण्यांनी केलेल्या नुकसानीची भरपाई ही शेतकऱ्यावर केलेली मेहेरबानी नव्हे. समाजाने स्वतः केलेल्या किमतीतला तो शेतकऱ्याचा हिस्सा आहे. तो पुरेसा मिळावा आणि वेळेवर मिळावा, हे मागण्यात लाज कसली? उलट मागितला नाही, तर माणूस रागाने विषाकडे वळतो आणि मग वाघाबरोबर गिधाडही मरते.

हिस्सा गावात पोहोचला की काय होते, त्याचे एक चांगले उदाहरण कोकणात आहे. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालतात. पूर्वी ही अंडी माणसे उकरून नेत, उरलेली कोल्ही-कुत्री खात. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या मदतीने अंडी राखायला सुरुवात केली. 2006 पासून पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी महोत्सव भरू लागला. पुण्या-मुंबईची माणसे येतात, गावातल्या घरांत उतरतात, घरचेच जेवण जेवतात आणि त्याचे पैसे घरच्या बाईच्या हातात पडतात. येथे कोणाला ‘किती द्याल’ असे विचारावे लागत नाही. माणसे खिशातून देऊन दाखवतात, आणि पैसा जेथे अंडी राखली जातात तेथेच राहतो. म्हणून काम टिकले.

गिधाड पाहायला मात्र एवढी गर्दी व्हायची नाही, हे मी जाणतो. पण गिधाडाची बाजू रानडुकरासारखी नाही. ते पीक खात नाही, शेळी उचलत नाही. त्याला जमीन नको, पाणी नको. त्याला एकच हवे, विष नसलेले मेलेले जनावर. तेवढे आपण देऊ शकतो. आणि अशुभ म्हणाल, तर नाशिक जिल्ह्यात सर्वतीर्थ टाकेद हे जटायूचे स्थान मानून आपलीच माणसे तेथे हात जोडतात. एका ठिकाणी नमस्कार आणि घरावर बसला की शांत, हे काही बरे नव्हे.

आता करायचे काय?

सरकारने आपल्या बाजूने काही पावले टाकली आहेत. जनावरांसाठीचे डायक्लोफिनॅक बंद करण्याचा निर्णय 2006 साली झाला. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जात, म्हणून 2015 साली माणसांचे इंजेक्शन 3 मिलिच्या एकेरी मात्रेतच विकावे असा नियम झाला. ॲसिक्लोफिनॅक आणि केटोप्रोफेन ही दोन औषधेही गिधाडाला मारक ठरली, ती 2023 साली जनावरांसाठी बंद झाली. निमेसुलाइडवर 2024 च्या अखेरीस बंदी आली. हरियाणातल्या पिंजोर येथील केंद्रात वाढवलेली गिधाडे 2024 साली आपल्या पेंच आणि ताडोबाच्या जंगलात आणली गेली. नाशिकच्या हरसूल भागात खोरीपाड्याला आणि गडचिरोलीत गिधाडांसाठी मेलेली जनावरे ठेवण्याच्या जागा केल्या आहेत, त्यांना लोक गमतीने गिधाडांचे उपाहारगृह म्हणतात. पण कायदा कागदावर असतो आणि सुई गोठ्यात. म्हणून पुढील गोष्टी कापून गोठ्यात लावून ठेवा.

1. जनावराला दुखणे, सूज, ताप असेल तर गुरांच्या डॉक्टरांना सांगा की मेलॉक्सिकॅम किंवा टॉल्फेनॅमिक ॲसिड द्या. ही दोन्ही गिधाडाला निर्धोक ठरली आहेत आणि जनावराला गुण येतो.

2. माणसांच्या औषधाच्या दुकानातून सुई आणून जनावराला देऊ नका. कोणी स्वस्त म्हणून दिली, तर बाटलीवरचे नाव वाचा. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, केटोप्रोफेन, निमेसुलाइड यांपैकी काही असेल तर परत करा.

3. दुखण्यावर सुया दिलेले जनावर दगावले, तर ते उघड्यावर टाकू नका. विहीर आणि ओढा यांपासून लांब, पुरुषभर खोल खड्ड्यात चुना घालून पुरा.

4. जनावर एकाएकी मेले आणि नाका-तोंडातून न गोठणारे काळे रक्त येत असेल, तर फाशी रोगाचा संशय धरा. त्याची कातडी काढू नका, फाडू नका, हात लावू नका. आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

5. बिबट्याने किंवा कुत्र्यांनी मारलेल्या जनावरावर विष कधीही घालू नका. मारायचे एकाला आणि मरतात पन्नास. तो गुन्हाही आहे.

6. वन्यप्राण्याने पीक किंवा जनावर नेले, तर त्याच दिवशी वनरक्षकाला आणि तलाठ्याला कळवा, फोटो काढून ठेवा, पंचनामा होईपर्यंत जागा मोडू नका. उशीर झाला की हक्काचे पैसे बुडतात.

7. उंच झाडावर किंवा कड्यावर गिधाडाचे घरटे दिसले, तर ते झाड तोडू देऊ नका आणि वनखात्याला कळवा. एका घरट्यात वर्षाला एकच पिल्लू असते, हे ध्यानात ठेवा.

यांत खर्चाचे काम एकच आहे, खड्ड्याचे. पण सगळ्या वस्तीने मिळून गावठाणापासून दूर एक जागा ठरवली आणि ग्रामपंचायतीकडून खड्ड्याची सोय करून घेतली, तर तो खर्च कुत्र्याच्या एका चाव्यापेक्षा जड जाणार नाही.

पारावरून उठताना मी आजींना विचारले होते, "आजी, तुम्ही आकडा सांगितला नाहीत." आजींनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "रुपया कुठनं देऊ बाबा? पण माझ्या गाईला ती सुई कोणाला टोचू देणार नाही. धरायची असली तर एवढी माझी वर्गणी धरा."

मी वहीत सगळ्यांचे आकडे लिहून घेतले होते. दहा, वीस, शून्य, शून्य, दहा. आजींच्या नावापुढे काय लिहावे ते मला कळेना. जागा रिकामी ठेवली आहे. पण त्या वहीत सर्वांत मोठी रक्कम तीच आहे, एवढे मात्र मला नक्की समजले.

पुढच्या खेपेस हरभऱ्याची बीजप्रक्रिया, नक्की.